समाप्तीचे पान

ग्रंथाचा आरंभ कसा करावा, ही चिंता आपल्या पूर्वजांनी कधीच मिटवून ठेवली आहे. आधी गणपती, मग शारदा, मग सद्गुरू आणि शेवटी संतसज्जन व श्रोते यांना वंदन करावे आणि विषयास हात घालावा. लेखक कितीही सामान्य असला तरी या मळलेल्या वाटेने तो चार पाने सुखरूप पुढे जातो. समाप्तीचे तसे नाही. नाव काठाला लावताना नावाड्याचा कस लागतो, तसा शेवटच्या पानावर लेखकाचा लागतो. आणि इतिहास लिहिणाऱ्याचा तर फारच. कथाकाराला निदान आपली कथा कोठे संपते ते ठरविण्याची मुभा असते. इतिहासकाराची कथा त्याने लेखणी खाली ठेवली तरी दाराबाहेर चालूच राहते.

हा विचार मनात घोळण्यास कारण असे की, मध्यप्रदेशातील पांढुर्णा व सौसर या दोन तहसिलींचा एक लहानसा इतिहास लिहावयास आम्ही घेतला आहे. प्रकरणे जमली, समाप्तीचे पान मात्र जमेना. तीन वेळा ते लिहिले आणि तिन्ही वेळा फाडले. ते का फाडावे लागले आणि त्या अडचणीत आपल्या जुन्या ग्रंथांनी आम्हांस काय शिकविले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस नागपूर जिल्हा, पश्चिमेच्या अंगास अमरावती जिल्ह्यातील वरूडची बाजू. काळ्या जमिनीत कापूस, बागांत संत्री. घरात मराठी, कचेरीत हिंदी, डोंगराकडे वळले की गोंडी. मुलीच्या सोयरिकी सावनेर-काटोलकडे आणि जमिनीचे कज्जे छिंदवाड्याकडे, असा येथील संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. सरहद्दीच्या अलीकडे शेताचा कागद खसरा-खतौनी, पलीकडे तोच कागद सात-बारा. बांध मात्र दोन्हींकडे सारखाच भांडणाचा. जाम नदी पांढुर्ण्यावरून वाहत सौसरच्या बाजूस येते आणि जामसावळीला पिंपळाखाली निद्रिस्त असलेल्या मारुतीच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतील माणसे एकाच रांगेत उभी राहतात.

आमचा पहिला शेवट १८५३ सालाचा होता. देवगडच्या गोंड राजवटीपासून आम्ही आरंभ केला होता. बख्तबुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. १७३९ मध्ये चांद सुलतान वारल्यावर त्याच्या घरातील तंट्यात रघूजी भोसल्यांनी हात घातला आणि हा प्रदेश हळूहळू भोसल्यांचा झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले, गोंडांच्या आश्रयाने काही काळ झुंजले आणि शेवटी दूर जोधपुरास १८४० मध्ये वारले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक निधन पावले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. येथे पडदा टाकावा, असे कोणासही वाटेल. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेला मराठ्यांचा इतिहास पेशवाईच्या पाडावाशी येऊन थांबतो. त्याच धर्तीवर आम्हीही राजवाड्याच्या दाराशी थांबलो. परंतु पान पुन्हा वाचले तेव्हा लाज वाटली. डफ हा जिंकलेल्या पक्षाचा अधिकारी होता. त्याच्या दृष्टीने कथा संपली होती, कारण त्याचे काम संपले होते. सौसरच्या शेतकऱ्याने १८५४ च्या पावसाळ्यातही पेरणी केलीच. राजा संपला म्हणून मुलूख संपला, असे म्हणणारा इतिहास हा मुलुखाचा नव्हे. तो राजाच्या मृत्यूचा दाखला होय.

दुसरा शेवट १ नोव्हेंबर १९५६ चा. राज्यपुनर्रचनेच्या वेळी फाजलअली आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा असे आठ जिल्हे मराठी ठरले. त्यांचे वेगळे विदर्भ राज्य व्हावे ही आयोगाची सूचना मान्य झाली नाही. ते आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात गेले. छिंदवाडा जिल्हा समग्र पाहता हिंदी-गोंडीचा, म्हणून त्याच्या दक्षिणेकडील या मराठी तहसिली मध्यप्रदेशातच राहिल्या. हे पान आम्ही मोठ्या आवेशाने लिहिले होते. वकिली हा आमचा पोटाचा धंदा असल्यामुळे गाऱ्हाणे मांडण्याची जीभ आमच्या लेखणीला आपोआप फुटते. पण ते वाचून सौसरचे एक वयोवृद्ध स्नेही शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही आम्हाला पुस्तकाच्या शेवटी रडत बसवून ठेवले. आम्ही तर त्यानंतरही पोरांची लग्ने केली, देवळाचा कळस चढविला, हरिनाम सप्ताह केले. ते कोण लिहिणार?” त्यांचा प्रश्न रास्त होता. गाऱ्हाणे खरे असले तरी गाऱ्हाण्याचा कागद म्हणजे ग्रंथ नव्हे.

तिसरा शेवट ऑक्टोबर २०२३ चा. त्या महिन्यात पांढुर्णा व सौसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. आमच्या पुस्तकाच्या दोन्ही नायकांचे जणू एकाच मांडवात शुभमंगल व्हावे, असा हा योग. नाटकाचा शेवट म्हणून तो झकास दिसला असता. परंतु सरकारी राजपत्राने दिलेला आनंद दुसऱ्या राजपत्राने बदलूही शकतो. जिल्ह्याची कचेरी जवळ आली ही सोय खरी. तिला इतिहासाची फलश्रुती म्हणणे खरे नव्हे.

तीन पाने फाडल्यावर आमच्या ध्यानात आले की, तिन्ही ठिकाणी आम्ही एकच चूक करीत होतो. आम्ही शेवट लिहीत नव्हतो, निकाल लिहीत होतो. न्यायालयातील निकालपत्राचा शेवट फार सोपा असतो. मुद्दे काढले, पुरावा तोलला, कारणे दिली, की तळाशी हुकूम: दावा मंजूर अथवा नामंजूर, खर्च अमुकाने द्यावा. एकदा तो कायम झाला की तोच वाद त्याच पक्षकारांना पुन्हा काढता येत नाही. व्यवहाराला हे बंधन आवश्यकच आहे. पण कोणत्याही हुकुमाने फार तर एका पक्षाचे समाधान होते, हेही आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. ग्रंथाने तर ज्यांचे काही जिंकलेले नाही आणि काही हरलेलेही नाही, अशा उद्याच्या वाचकांचे समाधान करावयाचे असते. मग ते कसे करावे? या प्रश्नासह आम्ही आपल्या घरातील पोथ्यांकडे वळलो.

ज्ञानेश्वरीचा शेवट पसायदानाने होतो, असे आपण सर्व समजतो. देवळात आरतीनंतर ते म्हणून आपण हात जोडतो आणि उठतो. पण पोथी पुढे उघडून पाहावी. पसायदानानंतरही ओव्या आहेत. त्यांत गोदातीरीच्या क्षेत्राचा निर्देश आहे, राज्य करणाऱ्या यादव रामदेवरावाचे नाव आहे, आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंत आलेली गुरुपरंपरा आहे आणि अगदी शेवटी शके १२१२ हे वर्ष व सच्चिदानंदबाबा हे लेखकाचे नाव आहे. प्रार्थना विश्वासाठी, पण सही मात्र गाव, राजा, गुरू आणि साल यांच्या साक्षीने. आमच्यासारख्या दस्तऐवज हाताळणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष मोलाची वाटते. शके १२१२ म्हणजे सन १२९०. त्यानंतर दशकही उलटले नाही तोच देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी आली आणि ज्या राजाच्या न्यायी राज्याचा उल्लेख तेथे आहे, त्याचे वैभव ढासळले. म्हणून ज्ञानेश्वरीचा शेवट चुकला काय? मुळीच नाही. पुढे काय होईल ते आपणांस ठाऊक आहे, असा आव त्या शेवटाने आणलाच नव्हता. आपण कोठे उभे आहोत ते त्याने सांगितले आणि सर्वांसाठी मागणे मागितले. मागणे मागतानाही दुष्टांचा नाश न मागता दुष्टपणाचा नाश मागितला, हे तर आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. शेवटच्या पानावर सूड नसावा, हा पहिला धडा.

दुसरा धडा नाथमहाराजांकडून. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपल्या ओव्या घालू नयेत, असे बजावून ठेवले. पुऱ्या झालेल्या ग्रंथाची एवढी राखण करणाऱ्या या पुरुषाच्या स्वतःच्या शेवटच्या ग्रंथाचे काय झाले? भावार्थरामायणाच्या युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ मध्ये पैठणास त्यांनी देह ठेवला. राम लंकेच्या रणात, रावण अजून उभा, आणि कवी निघून गेला! उरलेले काम गावबाने केले. पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिला अशी ज्याची कथा सांगतात, तोच हा गावबा. पंडितांच्या पैठणात दुसरा कोणी मिळाला नसता असे नाही. पण परंपरेने हे काम घरच्या, पंगतीतल्या, साध्या शिष्याच्या हाती दिले. पुऱ्या झालेल्या ग्रंथात कोणी हात घालू नये आणि अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाला कोणीतरी हात द्यावा, हे दोन्ही नियम एकाच घरचे होत. त्यांत विरोध नाही. आपल्या हातून शेवट झाला नाही तर तो होणारच नाही, हा लेखकाचा अहंकार मात्र त्यात गळून पडतो.

तिसरा धडा तर आमच्या मुलुखाच्या शेजारचाच. वरूड-मोर्शीच्या बाजूस रिद्धपूर आहे. आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, ते या गावाच्या जुन्या पुण्याईमुळेच. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी येथे एकत्र केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन ते विचारावे, अशी त्यांची रीत. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे केले; आठवणीत जेथे फरक पडला तेथे तो फरकही नोंदून ठेवला. एका साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्याखाली दडपून टाकले नाही. आणि या ग्रंथाचा शेवट कोणता? स्वामींचे उत्तरेकडे गमन. इतिहाससंशोधक त्या घटनेविषयी वाद करीत राहतील. अनुयायांच्या श्रद्धेने मात्र तो मृत्यू नव्हे, ते प्रस्थान होय. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी वाटेकडे बोट दाखविले आणि तेथेच लेखणी ठेवली. वियोगाचे दुःख त्या शेवटात आहे, पण दार लावून घेतल्याचा आवाज नाही. शेवट म्हणजे कडी घालणे नव्हे, हे आम्ही तेथे शिकलो.

या नियतकालिकाच्या कोंकणी वाचकांना हीच गोष्ट आपल्या घरची वाटेल. गोव्यातील केळोशीच्या कृष्णदास शामाने शके १४४८ म्हणजे सन १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्र मराठी ओवीत गुंफण्यास आरंभ केला. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आसपास पोर्तुगीज अमलात सासष्टीतील देवळे पाडली गेली आणि केळोशीची शांतादुर्गा अंत्रुज महालात कवळ्यास, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला. त्या रात्रीच कोणी केळोशीचा इतिहास लिहावयास बसला असता तर त्याने कोणते शेवटचे पान लिहिले असते? पाडलेल्या भिंती आणि विझलेली समई. ते पान खोटे ठरले नसते. पण ते शेवटचेही ठरले नसते. पालखीबरोबर निघालेल्या माणसांनी रानात नवे ठाणे केले आणि अठराव्या शतकात छत्रपती शाहूंच्या दरबारातील नारोराम मंत्र्यांच्या खटपटीने कवळ्याचे आजचे देवालय उभे राहिले. देव निघाला तेथे कथा संपली नाही, देव जेथे बसला तेथून ती पुन्हा सुरू झाली, हे आपल्या देवस्थानांच्या स्थळकथा आपणांस कधीपासून सांगत आल्या आहेत.

एवढे शिकून आम्ही पुन्हा जामकाठी आलो आणि ज्या प्रकरणाला आम्ही सर्वांत जास्त भीत होतो, ते हाती घेतले. पांढुर्ण्याची गोटमार सर्वश्रुत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इकडे नागपुरात मुले लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करीत असतात तेव्हा, जाम नदीच्या पात्रात निशाण लावलेले पळसाचे झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झाड कोण नेणार यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात; आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने मनाई हुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, बंदोबस्त वाढवून पाहिला. दगड उचलले जातातच. हुकुमाने शेवट होत नाही, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या प्रथेचा उगम कोणी सैन्याच्या सरावात शोधतात. पण लोकांच्या तोंडी आहे ती दुसरी कथा. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. ते नदीच्या मध्यावर असताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघेही पात्रातच गेले. कथा सांगणारे बहुधा येथे थांबतात, कारण दगड डोळ्यांत भरतात. आम्हीही आमच्या प्रकरणात येथेच थांबलो होतो. परंतु कथा येथे संपत नाही. दोघांचे प्राण गेल्यावर दोन्ही गावांना आपल्या हातांचे भान आले. ज्यांनी दगड मारले त्यांनीच ते देह उचलले, चंडीमातेच्या देवळात नेऊन ठेवले, पूजा केली आणि मग अंत्यसंस्कार केले. आजही झाड तुटले म्हणजे ते चंडीमातेच्या चरणी नेतात. आणि सायंकाळपर्यंत ते कोणाच्याच हाती आले नाही, तर दोन्ही काठची माणसे सामोपचाराने ते देवळात पोचवितात.

म्हणजे या दंतकथेला शेवट नाही असे नव्हे. शेवट आहे आणि तो दगडांचा नाही. देवीपुढे वाकलेल्या दोन गावांचा आहे. आपण दरवर्षी कथेचा मधला भाग दिवसभर करतो आणि शेवट सायंकाळी उरकून टाकतो, इतकेच. जखमी मुलाला खाटेवर घालून नेणारी आई कोणत्या काठाची, हे नदीला कळत नाही. हा मुलूख आमचा आहे, येथील माणसांवर आमची माया आहे, म्हणूनच हे लिहिण्याचा अधिकार आम्ही घेतो. बाहेरच्याने येथील लोकांना रानटी म्हणावे आणि आतल्याने परंपरा म्हणून गप्प बसावे, हे दोन्ही शेवट आळशी माणसाचे होत. आपल्याच कथेचे शेवटचे पान नीट वाचावे आणि तेवढेच मनोभावे पाळावे, एवढे सांगणे हे इतिहासकाराचे काम आहे. ते पाळणे त्याच्या हातात नाही. ते वाचकाच्या हातात आहे. आणि बहुधा ग्रंथाचे समाधान म्हणतात ते हेच असावे, की पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या हातात काहीतरी करण्यासारखे उरावे.

जुन्या पोथ्यांचे लेखक नक्कल पुरी झाली की अखेरीस चार ओळी आपल्या वतीने लिहीत. वाकून वाकून पाठ मोडली, डोळे शिणले, म्हणून ही पोथी जपा. समोर जसे होते तसे लिहिले, चूक असेल तर मला दोष देऊ नका. त्यात स्वतःचे कौतुक नसे, काळजी असे. ती पोथी अजून न जन्मलेल्या कोणाच्या तरी हाती जाणार, हे त्यांनी गृहीत धरलेले असे. आणि आमच्या घरी पारायण संपले म्हणजे आई लगेच पहिल्या अध्यायाच्या काही ओव्या वाचून मगच पोथी रुमालात बांधीत असे. “का ग?” असे लहानपणी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, “पोथी संपवायची नसते, ठेवायची असते.” त्या वेळी ते कळले नाही.

आमचे समाप्तीचे पान आता लिहून झाले आहे. त्यात १८५३, १९५६ व २०२३ ही तिन्ही साले आहेत, पण त्यांतले एकही निकाल म्हणून आलेले नाही. गाव कोणते, राज्य कोणाचे, साल कोणते, ज्यांनी जुने कागद दाखविले ती घरे कोणती, हे सांगितले आहे. जेथे दोन म्हाताऱ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे दोन्ही लिहिल्या आहेत. राहून गेलेल्या गोष्टींबद्दल क्षमा मागितली आहे आणि सौसरच्या त्या स्नेह्यांनी विचारलेली देवळे, सप्ताह आणि लग्ने पुढे कोणी लिहावीत म्हणून मागे काही पाने कोरी सोडली आहेत. सर्वांच्या शेवटी जामकाठच्या दोन्ही गावांसाठी, एका काठचा दगड दुसऱ्या काठच्या लेकराला न लागो, एवढे एकच मागणे आहे.

शुभं भवतु.